वाचकांचे प्रश्न : एका हॉलमध्ये बसवलं म्हणजे टीम झाली का?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओ, डाएटिशियन ही सगळी मुलं चार-पाच वर्षं वेगवेगळ्या बिल्डिंगमध्ये शिकतात, एकमेकांशी पहिल्यांदा गाठ पडते ती थेट पेशंटच्या बेडपाशी, आणि तिथं आपण त्यांच्याकडून एकदम टीमवर्कची अपेक्षा करतो. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक पत्रं विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची आहेत, एक पेशंटच्या मुलीचंही आहे. सगळी घेता येणार नाहीत, पण ज्यांचा प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय ती घेतेय. नावं मुद्दाम छापत नाहीये, कारण काहींनी बरंच मोकळेपणाने लिहिलंय आणि त्यांना अजून त्याच वॉर्डात काम करायचंय.

प्रश्न : आमच्याकडे यावर्षी मेडिकल, नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओथेरपीच्या मुलांना एकत्र शिकवायचं ठरलं. दोनशे मुलं एका हॉलमध्ये, टीमवर्कवर तीन लेक्चर्स झाली. मेडिकलची मुलं एका बाजूला बसली, नर्सिंगच्या मुली मागे, फार्मसीवाले कोपऱ्यात. तिसऱ्या लेक्चरला निम्मा हॉल रिकामा होता. आमचं नक्की काय चुकलं? – एक शिक्षक

सर, तुमचा वैताग पोचला, आणि हे फक्त तुमच्याकडे होतं असं नाही, मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं अगदी हेच केलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या शिक्षणाचा एक आराखडा काढला, त्यातली व्याख्या साधी आहे: दोन किंवा जास्त व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात तेव्हा ते आंतरव्यावसायिक शिक्षण. तुमच्या हॉलमध्ये यातलं फक्त 'सोबत' होतं, आणि तेही खुर्च्यांपुरतं. शिकवत होता एकटा माणूस, ऐकत होती दोनशे मुलं, म्हणजे फार्मसीच्या मुलाकडे असं काही होतं का की जे शेजारच्या मुलीला हवंच होतं? नव्हतं. मग त्यांनी एकमेकांशी बोलावं तरी कशाला?

गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडून ठेवलंय की दोन गटांना नुसतं जवळ आणलं की पूर्वग्रह जातात असं नाही, त्यासाठी भेटीच्या वेळी दर्जा बरोबरीचा लागतो, ध्येय एकच लागतं, काम असं लागतं की ते एकमेकांशिवाय होणार नाही, आणि वरच्या लोकांचा त्याला पाठिंबा लागतो. माझ्या मते यातलं तिसरं सगळ्यात मोलाचं. काम असं द्या की कुणालाही ते एकट्याने सुटता कामा नये. बाकीचं बरचसं त्यातून आपोआप येतं.

मी काय करते ते नीट सांगते, म्हणजे तुम्हाला उद्या वापरता येईल. सात जणांचा गट, प्रत्येकाला एकच चिठ्ठी, चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही, फक्त तोंडाने सांगायची. पेशंट ६८ वर्षांचा, पार्किन्सन्सचा, न्यूमोनिया होऊन ॲडमिट झालाय आणि तीन दिवसांत इतका ताठरलाय की कुशीवर वळता येत नाहीये. मेडिकलच्या मुलाच्या चिठ्ठीत एवढंच असतं, वर त्याला सांगितलेलं असतं की लिव्होडोपाचा, म्हणजे मेंदूत कमी पडलेलं डोपामाइन भरून काढणाऱ्या पार्किन्सन्सच्या गोळीचा, डोस वाढवायचा का ते ठरव. नर्सिंगच्या मुलीच्या चिठ्ठीत असतं की पेशंट घरी गोळ्या सकाळी ६, १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ ला घ्यायचा, पण वॉर्डातल्या औषधांच्या वेळा ८, १२, ४, ८ अशा आहेत म्हणून त्या वेळांना दिल्या जातात. फार्मसीच्या मुलाकडे असतं की परवापासून मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन चालू आहे. डाएटिशियनकडे असतं की वजन उतरलंय म्हणून सकाळी ८ ला जास्त प्रोटीनचं पेय सुरू केलंय. फिजिओच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, साडेनऊला गेलो, पेशंट सहकार्य करत नाही. स्पीच थेरपीच्या मुलीकडे असतं की पाणी प्यायल्यावर ठसका लागतो, आवाज ओला, गुरगुरल्यासारखा येतो, पण काल दुपारी थोडा वेळ गिळणं बरंच बरं होतं. सातवी चिठ्ठी बायकोची, कुणीतरी तिची भूमिका करतं, तिचं एकच वाक्य: 'अहो घरी हे स्वतःच्या पायाने बाथरूमला जायचे.'

आता गंमत बघा. पहिली दहा मिनिटं मेडिकलचा मुलगा एकटाच बोलतो आणि डोस वाढवायचं जवळजवळ ठरतं. मी मध्ये बोलत नाही, बोलायचा खूप मोह होतो पण बोलायचं नाही. मग कुणीतरी, बहुतेक वेळा नर्सिंगची मुलगी, हळूच म्हणते की गोळी दोन तास उशिरा जातेय. फार्मसीचा मुलगा सरळ होऊन बसतो, कारण त्याला माहितीय की मेटोक्लोप्रमाइड मेंदूतलं डोपामाइनच अडवतं, म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं असं चाललंय, पार्किन्सन्सच्या पेशंटला ते द्यायचंच नसतं. त्याच दमात तो म्हणतो की प्रोटीन आणि लिव्होडोपा शरीरात जायला एकच वाट वापरतात, पेय आणि गोळी एकाच वेळी दिली तर गोळी मागे राहते. डाएटिशियनची मुलगी वरमते, मग म्हणते, पेयाची वेळ मी बदलू शकते ना, त्यात काय. फिजिओच्या लक्षात येतं की साडेनऊला पेशंट हट्ट करत नव्हता, त्याला हलताच येत नव्हतं. आणि स्पीच थेरपीची मुलगी म्हणते की मग जेवणही गोळीचा परिणाम चालू असतानाच द्यायला हवं, नाहीतर घास श्वासनलिकेत जाणार, हा न्यूमोनिया त्यामुळेच झाला नसेल कशावरून?

एका बॅचला मेडिकलच्या एका मुलाने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, 'म्हणजे डोस कमी नाहीचे. वेळ चुकलीये.' त्याने डोस वाढवला असता तर पुस्तकाप्रमाणे त्याला कुणी चूक म्हटलं नसतं. तो क्षण तीन लेक्चरांत येत नाही हो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. गटाला दोन शिक्षक द्या, वेगवेगळ्या शाखांचे, आणि दरवेळी डॉक्टरच पुढे असं करू नका, कारण मुलं शिक्षकांचं एकमेकांशी वागणं बघून जास्त शिकतात. दुसरं म्हणजे केस सुटल्यावर लगेच उठू नका, जितका वेळ केसला दिला जवळजवळ तितकाच वेळ नंतरच्या बोलण्याला द्या: कोण आधी बोललं, कोण गप्प बसलं, का बसलं. चिठ्ठीतली माहिती सांगायला नर्सिंगच्या मुलीला दहा मिनिटं का लागली, हा खरा धडा आहे, आणि तो विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

याची पुढची पायरी खऱ्या वॉर्डात आहे. स्वीडनमधल्या लिन्शॉपिंग विद्यापीठाने १९९६ मध्ये असा वॉर्डच सुरू केला, जिथे वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी मिळून खरे पेशंट सांभाळतात आणि सीनियर लोक मागे उभे राहून लक्ष ठेवतात. त्यांची तयारी त्याआधी दहा वर्षं चालली होती, १९८६ पासून, त्यामुळे तुमचं पहिलं वर्ष फसलं म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : ताई, मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पोस्टिंगमध्ये इंटर्नने एक डोस लिहिला तो मला दहापट वाटला, बहुतेक दशांश चिन्हाची चूक. मी तीनदा केस पेपर बघितला, घशात शब्द आले पण बोलले नाही. नंतर सीनियर सिस्टरनी पकडलं, पेशंटला काही झालं नाही, पण मला झोप येत नाही. पुढच्या वेळी मी काय बोलू? – एक विद्यार्थिनी

बाळा, तुझं पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. कारण माझ्या वेळी पकडायला कुणी नव्हतं.

मी नवीन होते. सांधेदुखीच्या एका बाईंना मेथोट्रेक्सेट लिहिलं होतं, रोज एक. आता ही गोळी सांधेवातासाठी आठवड्यातून एकदा द्यायची असते, हे मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत मी लिहिलंही होतं. पण समोर सही होती, आणि मला वाटलं की मोठ्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, काहीतरी वेगळं कारण असेल. मी चार दिवस ती गोळी दिली. पाचव्या दिवशी त्या बाईंच्या तोंडात फोड आले, पाणीसुद्धा गिळवेना, आणि फार्मसीतून फोन आला की ही रोज कशी काय चाललीये. पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या. त्या वाचल्या, बऱ्याच दिवसांनी घरी गेल्या. चूक लिहिणाऱ्याची होती हे खरंय, पण चार दिवस दोघांच्या मध्ये उभी मी होते. म्हणून मी हे शिकवते, दुसरं काही कारण नाही.

तुझ्यात धैर्य कमी आहे असं मनातून काढून टाक. १९७७ मध्ये टेनेरिफच्या विमानतळावर दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. धुकं होतं, रेडिओवर गोंधळ होता, पण उड्डाण करणाऱ्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना. कॅप्टन ठामपणे 'हो' म्हणाला आणि विषय संपला. तो इंजिनिअर काही लेचापेचा नव्हता, पण त्याने काळजी प्रश्नाच्या पोटात घालून मांडली, आणि प्रश्नाला एक 'हो' आला की माणूस गप्प होतो. १९७९ पासून विमान कंपन्यांमध्ये बोलायचं आणि ऐकायचं रीतसर ट्रेनिंग उभं राहिलं, आरोग्यसेवेने ते बरंच उशिरा उचललं. अमेरिकेत २००६ मध्ये 'टीमस्टेप्स' नावाचा कार्यक्रम आला, त्यात तीन पायऱ्यांचं बोलणं आहे, मी ते आपल्या भाषेत असं शिकवते:

'सर, मला या डोसची काळजी वाटतेय.' ऐकलं नाही तर, 'मला हे द्यायला योग्य वाटत नाहीये, एकदा परत बघूया.' तरीही नाही तर, 'हे पेशंटच्या सुरक्षेचं आहे, मी थांबतेय.' आणि मग वरच्या माणसाला फोन. एकदा बोलून दुर्लक्ष झालं तर दुसऱ्यांदा बोलायचंच, हा नियम आहे, आगाऊपणा नव्हे.

वाचायला सोपं आहे. पण हे डोक्यात असून उपयोग नाही, तोंडात बसलं पाहिजे. आम्ही वर्गात चुकीची ऑर्डर देतो, एक शिक्षक चिडलेला सीनियर होतो, खरोखर आवाज चढवतो, आणि मुलींना ही वाक्यं मोठ्याने म्हणायला लावतो. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्यांचा आवाज वाक्याच्या शेवटी खाली जातो आणि ते वाक्य 'सर, बरोबर आहे ना हे?' असं होऊन बसतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पूर्णविराम येतो. याच तासाला मेडिकलच्या मुलांना दुसरी बाजू शिकवायची असते, टोकल्यावर तोंडातून पहिला शब्द काय निघाला पाहिजे याची. 'थँक्यू, परत बघतो.' बस, एवढंच. हे त्यांनाही पहिल्यांदा जड जातं, चेहरा लाल होतो, आणि त्यात त्यांना हिणवायचं कारण नाही, त्यांनाही कुणी कधी शिकवलेलं नसतं.

फोनवर बोलायचं असेल तर एस-बी-ए-आर नावाची पद्धत शीक: आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. ही अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून हॉस्पिटलात आली. म्हणजे रात्री दोनला असं: 'सर, बेड सातच्या पेशंटचं बीपी तासाभरात ११० वरून ८४ वर आलंय. काल पोटाचं ऑपरेशन झालंय, ड्रेनमध्ये या तासात ३०० मिली रक्त आलंय. मला वाटतं आत ब्लीडिंग होतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा, तोवर काय सुरू करू?' माझा अनुभव असा की पहिले दोन भाग मुली छान सांगतात आणि नंतरचे दोन गिळून टाकतात, कारण 'मला वाटतं' म्हणायचा अधिकार आपल्याला आहे हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तुला आहे. तुला जे वाटलं होतं ते बरोबर होतं.

आणि त्या इंटर्नला जमलं तर भेट. भांडायला नको, नुसतं सांग की मला त्या दिवशी दिसलं होतं आणि मी बोलले नाही, पुढच्या वेळी बोलेन, ऐकशील ना.

प्रश्न : मी मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. राग मानू नका, पण शेवटी काही चुकलं तर जबाबदार डॉक्टरच ना? मग सगळ्यांचं मत घेत बसण्यात वेळ का घालवायचा? – एक विद्यार्थी

राग कसला, प्रामाणिक प्रश्न आहे आणि तुझ्या वर्गातल्या निम्म्यांच्या मनात असतो, तू विचारलास. निर्णय तुझाच राहणार, तो कुणी काढून घेत नाहीये. मत घेणं म्हणजे मतदान नव्हे. पण निर्णय घेताना तुझ्यासमोर काय आहे, यावर तो निर्णय किती चांगला ते ठरतं, आणि पेशंटपाशी तू दिवसातली काही मिनिटं असतोस, नर्स पूर्ण शिफ्ट असते. वर पार्किन्सन्सची केस वाच.

ऑपरेशन थिएटरचं उदाहरण देते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सर्जरीची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. त्यात एक मुद्दा असा की चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. ऐकायला पोरकट वाटतं. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटल्समध्ये ती वापरून पाहिली, २००९ मध्ये निकाल छापून आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. एकदा नाव सांगायला तोंड उघडलं की पुढे काही खटकलं तर तोंड उघडणं सोपं जातं, असं यामागचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅनडात ओंटारियो प्रांतात हीच चेकलिस्ट सगळीकडे सक्तीने लागू झाली, १०१ हॉस्पिटल्सचा अभ्यास २०१४ मध्ये आला आणि मृत्यूंच्या प्रमाणात म्हणावा तसा फरक दिसला नाही. त्यावर बरीच चर्चा झाली. माझं मत असं की कागदावर टिक मारणं आणि थांबून एकमेकांकडे बघून बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वरून हुकूम आला की पहिली होते, दुसरी शिकवावी लागते.

अजून एक, लीडर नेहमी एकच नसतो. हृदय बंद पडलं तर एकानेच आवाज द्यायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं, तिथे चर्चा नाही. पण अर्धांगवायूचा पेशंट घरी कसा जाईल हे ठरवताना पुढे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा) किंवा सोशल वर्कर असेल आणि तू ऐकशील. कधी पुढे व्हायचं आणि कधी मागे, हे ज्याला कळतं त्याच्या हाताखाली लोक मनापासून काम करतात. तू हा प्रश्न विचारलास म्हणजे तुला ते जमेल असं मला वाटतं.

प्रश्न : चार कॉलेजांची चार टाइमटेबलं, परीक्षा वेगळ्या, शिक्षक आधीच दमलेले. एवढं करून फायदा होतो याला पुरावा आहे का? आणि मार्क कसे द्यायचे? – एक समन्वयक

मॅडम, पुराव्याबद्दल खरं ते सांगते. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे सगळे अभ्यास गोळा करून पारखते, तिच्या २०१३ च्या आढाव्यात त्यांच्या कसोटीला उतरणारे १५ अभ्यास मिळाले, त्यातले सात चांगला परिणाम दाखवणारे, चार मिश्र आणि चार काहीच फरक नाही म्हणणारे. म्हणजे 'एकत्र शिकवलं की सगळं सुधारतं' असं छातीठोक म्हणता येत नाही, अभ्यासही एकमेकांपासून फार वेगळे होते. पण एका नेमक्या कामाचं ट्रेनिंग घेतलं तर चित्र जास्त स्पष्ट दिसतं. ड्युटी बदलताना डॉक्टरांनी पेशंट एकमेकांकडे कसे सोपवायचे याचा 'आय-पास' नावाचा कार्यक्रम अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ हॉस्पिटल्समध्ये करून पाहिला, २०१४ च्या निकालात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारखी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. तो एकाच व्यवसायातला होता हे मान्य, तरी मी त्यातून एवढं घेतलं की मोठा विषय नको, एक काम धरा.

म्हणून टाइमटेबल जुळवायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडूच नका. मुलं तशीही एकाच वॉर्डात पोस्टिंगला असतात, एकमेकांना ओलांडून जातात फक्त. सकाळच्या हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट सोपवतात तेव्हा, एक मेडिकलचा आणि एक नर्सिंगची शेजारी उभी करा, दोघांनी एकच हँडओव्हर ऐकायचा, बाजूला जाऊन न बोलता 'मला काळजी वाटण्याची तीन कारणं' लिहायची आणि मग कागद बदलायचे. वीस मिनिटं लागतात. कागद क्वचितच सारखे निघतात: एकाचा लॅब रिपोर्टने भरलेला, दुसरीचा कोण रात्री झोपलं नाही, कुणाची लघवी कमी झाली, कुणाला भेटायला कुणीच येत नाही यांनी. तिथून पुढे त्यांना बोला म्हणून सांगावं लागत नाही.

मार्क हवेतच, नाहीतर मुलं गंभीरपणे घेत नाहीत, ती त्यांची चूक नाही, आपणच त्यांना तसं घडवलंय. पण टीमवर्कची व्याख्या लिहा असला प्रश्न नको. मी प्रत्येकाकडून पाच ओळी लिहून घेते: दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याकडून असं काय कळलं की ज्याने तुझा निर्णय बदलला? ज्याने ऐकलंच नाही त्याला या पाच ओळी रचता येत नाहीत, लगेच कळतं.

प्रश्न : मी फिजिओथेरपीची विद्यार्थिनी. वॉर्डात आम्हाला 'मालिशवाले आले' म्हणतात. संयुक्त क्लासमध्ये हे कसं बोलायचं? – दुसरी एक विद्यार्थिनी

बोलू नकोस, दाखव. शिक्षकांना सांगून एका मेडिकलच्या विद्यार्थ्याला अर्धा दिवस तुझ्यामागे फिरू दे. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला बेडच्या कडेला बसवताना तू मॉनिटरवर काय बघतेस, कोणत्या आकड्याला थांबतेस, नळ्या कुणाला धरायला सांगतेस, हे त्याने एकदा बघितलं की तो शब्द त्याच्या तोंडून परत येणार नाही. आणि तूही त्याच्यामागे एक इमर्जन्सी ड्युटी फिर. फिरून आल्यावर दोघांनी वर्गात आपलं नाही, दुसऱ्याचं काम समजावून सांगायचं, चुकलं तर ज्याचं काम आहे त्याने दुरुस्त करायचं. पहिल्या वर्षापासून हे केलेलं बरं, 'आम्ही' आणि 'ते' पक्कं व्हायच्या आत.

प्रश्न : मी विद्यार्थी नाही. माझ्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. एकजण म्हणतात पायावर वजन टाका, दुसरे म्हणतात अजिबात नको, तिसरे म्हणतात डॉक्टरांना विचारा. या मुलांना शिकवताना आमच्यासारख्यांचा विचार होतो का? – एक मुलगी

ताई, व्हायला हवा तितका होत नाही. मुलं एकमेकांशी बोलायला शिकतात आणि ज्याच्याबद्दल बोलतात त्याला खुर्ची द्यायची राहून जाते. म्हणून आता माझ्या केसमधली सातवी चिठ्ठी बायकोची असते, आणि वर्षातून एकदा खराच पार्किन्सन्सचा पेशंट येऊन बसतो. गेल्या वेळी जे गृहस्थ आले त्यांनी मुलांचं सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून एक छोटी वही काढली. कोणती गोळी किती वाजता, कधी चालता येतं, कधी नाही, सहा महिन्यांचं लिहिलेलं. म्हणाले, मी ॲडमिट होतो तेव्हा ही उशीखालीच होती, कुणी मागितली नाही. मुलं एकेक करून उठून ती वही बघायला गेली.

तुम्ही आईसाठी आजच अशी वही करा. पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा, ऑपरेट केलेल्या पायावर किती वजन टाकायचं: अजिबात नाही, थोडं, की पूर्ण, आणि कुठल्या तारखेपर्यंत. हे ठरवायचं सर्जनने आणि करून घ्यायचं फिजिओने, त्यामुळे उद्या राऊंडला सर्जन आले की त्यांच्यासमोरच नर्सना आणि जमलं तर फिजिओनाही थांबवा, उत्तर त्याच पानावर लिहून घ्या, आणि आईला ते तिच्या शब्दांत परत सांगायला लावा. वही बेडपाशी अशी ठेवा की येणाऱ्याला दिसेल. काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.